इटलीच्या देवाचा डावा कौल

एका मुलीची तीन स्थळं मी मोडली. गावानं दोष देवाला दिला आणि मी तो देऊ दिला. यातलं पहिलं स्थळ मोडलं ते चुकून. पुढची दोन चुकून नाही. एवढं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं लिहिताना पळवाट काढायला जागा राहायची नाही. माझा स्वभाव तसा आहे.

बहात्तरचा दुष्काळ सरला तेव्हा मी पंचविशीत होतो. कुंडलच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. दोन कपाटं, एक बाक, एक घड्याळ, ते बंद. वाचनालयाचे अध्यक्ष आबा. मोठे ऊसवाले, पण सहीपुरतं लिहिता येणारे. रोजचा पेपर त्यांना त्यांची मुलगी वाचून दाखवायची. मॅट्रिक झालेली. पेपर न्यायला ती यायची, जाताना एक पुस्तक न्यायची. आमचं बोलणं ठरलेलं होतं. ती म्हणायची, ‘‘हे वाचलंय. दुसरं द्या.’’ मी दुसरं द्यायचो. नवीन पुस्तकं आली की मी ती आधी टेबलाखाली ठेवायचो, तिच्यासाठी. हे मी तिला कधी सांगितलं नाही. दोन वर्षं टेबलाखाली वाकून पुस्तक काढण्यापलीकडे माझं प्रेम गेलं नाही.

दुष्काळात खोळंबलेली लग्नं त्या साली एकदम अंगावर आली. घरटी एक मुलगी उजवायची. आमच्याकडे लग्न ठरवण्याआधी देवाला कौल लावायची पद्धत. देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाची एकेक पाकळी ओली करून चिकटवायची आणि हात जोडून विचारायचं. देवाच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ग्रामदैवताचा कौल गुरवमामा लावायचे. त्या साली ग्रामदैवताकडे इतकी रांग लागली, की कौलाला आठ-आठ दिवस थांबावं लागायचं. अशा वेळी सुभेदारकाकांच्या माळ्यावरून एक देव खाली आला.

सुभेदारकाका लढाईत इटलीला होते. परत येताना त्यांनी पडक्या बंगल्यातून एक पुतळा उचलून आणला होता. हातभर उंचीचा, पांढऱ्या प्लास्टरचा. गुटगुटीत पोर, पाठीला पंख, डोळ्यांवर पट्टी. हातात धनुष्य होतं म्हणे, पण ते बोटीत मोडलं. तीस वर्षं तो माळ्यावर बियाण्याच्या पोत्यांमागे पडून होता. माळा झाडताना काकूंना तो सापडला. उघडाच होता म्हणून त्यांनी त्याला अंगडं-टोपडं शिवलं आणि पडवीतल्या कोनाड्यात बसवलं.

‘‘ह्यो कोन देव?’’ बायका विचारायच्या.

‘‘मोहब्बतका देव हाय,’’ काका सांगायचे. ‘‘इटलीत समदी ह्येलाच मानत्यात.’’

‘‘आन डोळ्याला काय झालंय?’’

‘‘पैल्यापासनं हाय त्ये.’’

डोळे आलेत असं समजून एक म्हातारी रोज दुधात भिजवलेला कापूस त्याच्या पट्टीवर ठेवून जायची. तिच्याच नातीचं दोनदा फिसकटलेलं लग्न त्या आठवड्यात जमलं. झालं. पडवीत रांग लागली.

गुरवमामा चिडले, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. त्यांनी मारुतीच्या पारावर गाव बोलावलं. ‘‘देव हाय तर नाव सांगा. गोत सांगा. कुनाचा कोन त्ये तरी सांगा.’’

काकांनी माझ्याकडे बोट केलं. ‘‘ह्यो सांगंल. पुस्तकवाला.’’

वाचनालयात ज्ञानकोशासारखा एक जाडजूड जुना ग्रंथ होता. तो कोणी घरी नेत नसे, कारण त्याला एका हातात धरता येत नसे. त्यात ‘प्रेमदेवता’ असं एक प्रकरण होतं. दुपारी चार वाजता पारावर बसून मी ते गावाला वाचून दाखवलं. समोर शे-दीडशे माणसं, तंबाखू मळत.

ग्रीसची देवी समुद्राच्या फेसातून जन्मली, असं मी वाचलं.

‘‘फेसातनं?’’ मागून एक गुऱ्हाळवाला म्हणाला. ‘‘म्हंजे मळीतनं की. आमी त्यो फेस काढून टाकतुया गड्या.’’

मिसर देशातल्या प्रेमाच्या देवीला गायीचे कान. याला कोणी हरकत घेतली नाही. ‘‘ती आपलीच हाय,’’ एवढंच आबा म्हणाले आणि पुढं वाचायची खूण केली.

उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातल्या देवीचा रथ दोन मांजरं ओढतात.

‘‘न्हाई वडायची,’’ एक बैलगाडीवाला ठामपणे म्हणाला. ‘‘दोन मांजरं एका अंगाला चालतील व्हय? म्या सांगतो, न्हाई.’’

‘‘पुस्तकात हाय.’’

‘‘पुस्तकवाल्यानं जुपून बघितलीत का?’’

चीनमधला एक म्हातारा देव चांदण्यात बसून पोरापोरींच्या पायांना तांबडा दोरा बांधतो. त्यांची गाठ मग कुठंही पडते. ‘‘म्हंजे मध्यस्थच की. जेवल्याबिगार गेला का बघ पुस्तकात,’’ असं कुणीतरी विचारलं आणि गाव हसलं. बाबिलोनची देवी पाताळात उतरते तेव्हा सात दरवाज्यांवर तिच्या अंगावरचं एकेक काढून घेतात, आधी मुकुट, मग कानातलं, मग गळ्यातलं. हे वाचलं तेव्हा बायकांकडून आवाज आला, ‘‘सासरी गेली असंल बाई.’’ त्याला मात्र पुरुष हसले नाहीत.

मेक्सिकोची एक देवी होती. ती माणसाची पापं खाते, आणि आयुष्यात एकदाच, उतारवयात, तिच्यापुढे सगळं कबूल करता येतं. हे मी वाचलं नाही. पान उलटलं. तोवर मी काही केलेलं नव्हतं, तरी का उलटलं ते सांगता येत नाही.

मग इटलीचा पंखवाला पोरगा आला. डोळ्यांवर पट्टी, हातात धनुष्य, ज्याला बाण लागेल तो प्रेमात पडतो. आणि त्याच्याखालीच लिहिलं होतं, की आपल्याकडचा कामदेव तो हाच प्रकार. त्याचं धनुष्य उसाचं, दोरी भुंग्यांची, बाण फुलांचे.

‘‘कशाचं?’’ आबा ताडकन उभे राहिले.

‘‘उसाचं.’’

पारावर एकदम गलका. ज्यांच्या चार पिढ्या उसात गेल्या त्यांना आपल्या रानातला देव सापडला होता.

‘‘कुठला ऊस? सातशे चाळीस असंल!’’

‘‘तवा कुठला रं सातशे चाळीस? देशी असंल.’’

गुरवमामांनी शेवटचा मुद्दा काढला. ‘‘आवं, पर कामदेव जाळला की शंकरानं. दर शिमग्याला आपुन बोंबलतोय त्ये कशापायी? जळालाय तर ह्यो कोन बसलाय पडवीत?’’

सुभेदारकाकांनी मिशीवरून हात फिरवला. ‘‘जळाला त्यो हितला,’’ ते म्हणाले. ‘‘ह्यो तवा फॉरेन पोस्टिंगला हुता.’’

इतकं चोख उत्तर आमच्या पारावर कधी कुणी दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवाच्या मुठीत उसाच्या कोवळ्या कांडीचं धनुष्य बसवलं. कौल कोणी लावायचा हा प्रश्न राहिला. गुरवमामा हात लावायला तयार नव्हते. काकांचा हात थरथरायचा. ‘‘पुस्तकवाल्यालाच लावू द्या,’’ गुरवमामा कुत्सितपणे म्हणाले. ‘‘बिनलग्नाचा हाय. ह्या देवाला बिनअनुभवाचाच पुजारी बरा.’’ ती चेष्टा गावानं खरी धरली. मी नाही म्हणू शकलो असतो. पण ‘नाही’ हा शब्द माझ्याकडून वेळेवर कधी निघत नाही, आणि ‘हो’ तर त्याहून नाही.

पंधरा दिवसांनी आबा आले. मुलीला साताऱ्याचं स्थळ आलं होतं. कचेरीतला मुलगा, स्वतःची सायकल, निर्व्यसनी. ‘‘लाव रं,’’ आबा म्हणाले. त्या सकाळी काकूंनी नैवेद्याची भाकरी-काकवी माझ्या हातात दिली होती. काकवी म्हणजे उसाचा पातळ गूळ, बोटाला लागली की धुतल्याशिवाय सुटत नाही. मी नैवेद्य ठेवला, बोटं धोतरालाच पुसली आणि पाकळ्या लावल्या. आधी उजवी. बोटाची चिकटी तिच्यात गेली. मग डावी. माझे हात जोडून होतात न होतात तोच डावी पडली. उजवी तशीच.

‘‘न्हाई म्हनतोय,’’ आबा म्हणाले. त्यांनी एकदाही शंका घेतली नाही.

मी बोटांकडे बघितलं. तेव्हाच म्हणायला हवं होतं, ‘आबा, थांबा, हात धुतो, पुन्हा लावतो.’ एका वाक्याचं काम. ते वाक्य माझ्या तोंडात आलं, आणि त्याच वेळी मला कळलं की मला आनंद झालाय. मी ते वाक्य गिळलं. साताऱ्याला निरोप गेला.

दुसरं स्थळ विट्याचं. तिकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात गावोगाव असतात, तसा हा मद्रासकडे होता. त्या वेळी काकवी मी आधीच बोटाला लावून आलो होतो. तिसरं रहिमतपूरचं, घरची बागायत, मुलगा एकुलता. तेव्हाही तेच. तिन्ही वेळा डावी पाकळी पडली. तिन्ही वेळा आबांनी देवाला नारळ फोडला आणि खाली मान घालून गेले.

आता आणखी एक. मधल्या काळात इतरांचे कौल मी उलटे लावायला लागलो. डाव्या खांद्याला काकवी, म्हणजे हमखास होकार. ज्या बापाचा चेहरा फार उतरलेला, त्याला होकार. ज्या पोरीनं पदराआडून डोळे पुसले तिला होकार. मला वाटायचं, एकीचं मोडतोय तर चार जणींचं जमवावं. त्या साली गावात बरीच लग्नं लागली. त्यातली काही बरी चालली. एक मोडलं. एका जावयानं सासऱ्याची म्हैस विकून टाकली आणि सासरा मला येऊन म्हणाला, ‘‘तुजा देव लय आंधळा हाय रं.’’ मी म्हणालो, पट्टी आहेच डोळ्यांवर. असा विनोद मी तेव्हा करू शकत होतो.

देव प्लास्टरचा, विरघळेल म्हणून त्याला आंघोळ नव्हती. नुसते पाय पुसायचे. त्यामुळे दोन्ही खांद्यांवर काकवीचे थर चढत गेले. मुंग्या यायच्या. पण हातात उसाचं धनुष्य असल्यावर मुंग्या येणारच, असं सगळे समजायचे. कुणी म्हणायचं, भुंग्यांची दोरी पुस्तकात आहे, हितं मुंग्यांची.

रहिमतपूरचं मोडलं त्यानंतर गावात बोलणं सुरू झालं. देवानं टाकलेली पोर. तीनदा देवानं नको म्हटलं म्हणजे पोरीतच काहीतरी असणार. हे मी बाकावर बसून ऐकलं. पुढं स्थळंच यायची थांबली. असं होईल हे मला कळलं नव्हतं, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. कळलं होतं. निदान दुसऱ्या वेळेनंतर.

एका सकाळी ती पुस्तक परत करायला आली. काउंटरवर ठेवलं, पण नेहमीचं वाक्य बोलली नाही.

‘‘काल हळदकुंकू वाहायला गेले होते,’’ ती म्हणाली. ‘‘त्या देवाला आंघोळ नसते का?’’

‘‘प्लास्टरचा आहे. विरघळेल.’’

‘‘मग खांदे चिकट कसे?’’

मी घड्याळाकडे बघितलं. ते बंद होतं, तरी बघितलं.

ती उभी राहिली. रागावलेली नव्हती, एवढं मी शपथेवर सांगतो. ती वाट बघत होती. मी काही बोलेन, मी का केलं ते सांगेन, आणि त्यावर तिला काहीतरी म्हणायचं होतं. काय, ते मला कधीच कळलं नाही. मी रजिस्टरमध्ये तिच्या पुस्तकापुढे ‘परत’ असं लिहिलं. हळूहळू, सुवाच्य अक्षरात.

‘‘दुसरं द्या,’’ ती शेवटी म्हणाली.

त्यानंतर महिन्याभरात आबा पडवीत आले, ते बरोबर पंधरा-वीस माणसं घेऊन. दमलेले दिसत होते. सुभेदारकाका, काकू, दाराशी गुरवमामा, आणि बायकांमध्ये ती.

‘‘आज ह्या पुस्तकवाल्याचाच कौल लाव,’’ आबा मला म्हणाले.

‘‘कुणाचा?’’

‘‘तुजाच. माज्या लेकीसाठी. पोरगा गरीब हाय, पर वाचलेला हाय. देवाला इचार.’’

मला माझ्याच लग्नाचा कौल लावायचा होता. डाव्या खांद्याला थोडी काकवी लावली असती तर संपलं असतं. डबा हाताशी होता. पण मी ठरवलं, आज खरं. आज हात धुऊन. मला वाटलं हा माझा प्रामाणिकपणा. आता वाटतं, तो निर्णय दुसऱ्या कुणावर तरी ढकलायचा सोपा रस्ता होता. मी हात साबणानं धुतले, दोनदा. पाकळ्या नुसत्या पाण्यानं लावल्या. हात जोडले.

एकही पडली नाही.

खांद्यांवर वर्षभराचे थर होते. दोन्ही पाकळ्या खिळे मारल्यासारख्या बसल्या. पाच मिनिटं गेली. अर्धा तास गेला. ‘‘इचार करतोय,’’ काका म्हणाले. तासाभरानं काकूंनी माणसांना चहा दिला. कुणी म्हणालं वारा घाला, कुणी म्हणालं वारा घातलेला चालत नाही. ‘‘सायब रजेवर गेल्यात,’’ दारातून गुरवमामा म्हणाले, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा खुलला. देवाच्या खांद्यावरून मुंग्यांची रांग पाकळीवर चढली, फिरली आणि उतरली. सूर्य डोक्यावर आला. माणसं घरी जाऊन जेवून परत आली. आबा जागचे हलले नाहीत.

मग ती बोलली. इतक्या माणसांत, बापापुढे, मुलीनं बोलायची ती रीत नव्हती.

‘‘आबा, देवाला कशाला ताटकळवता? ते समोर बसलेत की. त्यांनाच विचारा.’’

आबांनी माझ्याकडे तोंड केलं. ‘‘काय रं? तुजं काय म्हननं हाय?’’

सगळी पडवी माझ्याकडे बघत होती. ती पण. गावानं टाकलेली मुलगी, जिला मी टाकायला लावलं, ती मला सगळ्यांदेखत दार उघडून देत होती. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

‘‘देव म्हणेल तसं,’’ मी म्हणालो.

ती उठली. कोनाड्यापाशी गेली. डाव्या खांद्यावरची पाकळी तिनं नखानं खरवडून काढली. पाकळी निघताना फाटली. अर्धी तिनं आबांच्या तळहातावर ठेवली.

‘‘घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘डावा आला.’’

आणि पडवीतून उतरून गेली. उरलेली अर्धी पाकळी खांद्यावर तशीच होती. काका म्हणाले, हे कौलात धरायचं का?

पुढल्या जूनला ती सांगलीला शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेली. तिकडेच शाळेत लागली. दोन वर्षांनी आबांनी रान वाट्यानं दिलं आणि तेही तिच्याकडे राहायला गेले. तिचं लग्न झालं नाही. तिनं केलं नाही की कुणी विचारलं नाही, हे मला विचारायचा हक्क नाही.

दशक संपत आलं तेव्हा एका रविवारी मी सांगलीला गेलो. दोन खोल्या, बाहेर जाईचा वेल, आत आबा खाटेवर. ती आत चहा करत होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. काकवी, बोटं, सातारा, विटा, रहिमतपूर. आयुष्यात तेवढं सलग मी त्याआधी बोललो नव्हतो. मध्ये कुठं थांबलो नाही.

आबा ऐकत होते. मग हसायला लागले. आधी थोडं, मग ठसका लागेपर्यंत.

‘‘तू?’’ ते म्हणाले. ‘‘तू देवाचा कौल फिरीवलास?’’

‘‘होय आबा.’’

‘‘आरं, त्या दिवशी तोंडातनं एक ‘व्हय’ काडता आला न्हाई तुला. तू कुनाचं लगीन मोडनार? तुज्यात येवढी धमक कुठली?’’

‘‘आबा, खरं सांगतोय. मीच.’’

‘‘लेकरा, माजं वाईट वाटतंय म्हनून सवताच्या अंगावर घेतुयास व्हय? चांगलं मन हाय तुजं.’’ त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. ‘‘पर त्यो देवच हुता. लय हरामखोर देव. त्येला म्या सोडनार न्हाई.’’ आणि त्यांनी इटलीच्या त्या पोराला अशा शिव्या दिल्या, की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली. शिव्या देताना त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी आली होती.

ती चहा घेऊन आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. एवढ्यासाठी, की तिनं म्हणावं, आबा, ते खरं सांगताहेत. तिनं कप माझ्या हातात दिला.

जाताना ती फाटकापर्यंत आली.

‘‘बोललात शेवटी,’’ ती म्हणाली.

‘‘त्यांना पटलं नाही. पुढच्या रविवारी येऊन पुन्हा सांगतो. सुभेदारकाकांना घेऊन येतो. ते सांगतील, खांदे चिकट होते म्हणून.’’

‘‘नको.’’ ती थोडा वेळ फाटकाची कडी वरखाली करत राहिली. ‘‘ते रोज सकाळी उठून त्या देवाला शिव्या देतात. मग चहा घेतात, मग पेपर ऐकतात. त्यांचा दिवस त्यावर चालतो. तुमच्यावर त्यांना रागावता येणार नाही. तुम्ही त्यांना आवडता. मग ते राग कुणावर काढतील? माझ्यावर. नाहीतर स्वतःवर.’’

‘‘मग मी काय करू?’’

‘‘काही करू नका,’’ ती म्हणाली. ‘‘तेवढं तुम्हाला येतं.’’

आबा गेल्या वर्षी गेले. तोवर मी काही केलं नाही.